दसऱ्याला उघडणारं कपाट

अप्पांना शिव्या द्यायला बसलं तरी सुरुवात कौतुकानंच करावी लागते, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. चक, म्हणजे मशीनचा ड्रिल धरणारा जबडा, पारखावा तर त्यांनी. बोईसरच्या एमआयडीसीत अवजारातलं इतकं कळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि इतकं कळून ते कुणाच्या उपयोगी पडू न देणाराही दुसरा पाहिला नाही.

ते आमच्या वर्कशॉपचे फोरमन होते. वर्कशॉप म्हणजे एका मोठ्या केमिकल कारखान्याच्या मागच्या गल्लीतला गाळा. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, आणि मी लागले त्याच सुमाराला मालकांनी घेतलेलं, फिरत्या कटरनं खाचा पाडणारं एक लहानसं मिलिंग मशीन. पंपांचे सुटे भाग करायचे, शाफ्टना खाचा पाडायच्या, असलं काम. मी शिरगावची, कोळ्याची पोर. आई सुकी मासळी विकते. आयटीआयला मशिनिस्टचा कोर्स करून मी त्या गाळ्यात शिरले तेव्हा गावाला वाटलं, पोरगी पॅकिंगला लागली असेल. मला पॅकिंग करायचं नव्हतं. मला ते मिलिंग मशीन पाहिजे होतं आणि ते मला मिळालंही होतं.

अप्पा मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी तारापूरला आले ते इथलेच झाले, बोली तेवढी तिकडचीच राहिली. अंगात इस्त्रीची खाकी, खिशात पांढऱ्या मलमलची चिंधी. दाराच्या कडीला हात लावायचा झाला तरी आधी चिंधी फिरवायचे. त्यांच्याकडे एक नवी छत्री होती, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली. पावसात ते दोन काड्या मोडलेली जुनी छत्री घेऊन अर्धे भिजत यायचे. विचारलं तर म्हणायचे, "ती नवी हाय." एवढंच कारण. आमच्या आज्या सोवळं ज्या आवाजात म्हणत, त्या आवाजात अप्पा 'नवी' म्हणायचे. वर आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "वस्तू वापरली की तिचं वय सुरू हुतंय, पोरी."

एकदा त्यांच्या घरी गेले होते. सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक तसंच, बसलं की कुरकुरायचं. शोकेसमध्ये गुलाबाच्या नक्षीचे कप, आणि चहा आला तो कान तुटलेल्या कपातून. काकू गमतीच्या होत्या. कपाकडे मी बघते आहे हे त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "माझा लग्नातला शालूसुद्धा घडीतच आहे गं. मळेल म्हणतात. मी गेले की नेसवतील." आणि हसल्या. अप्पांनाही हसू आलं. शालू चांगला राहिलाय याचं ते हसू होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तर मिलिंग मशीन आलं. नुसतं मशीन घेऊन काही होत नाही, त्याला जोडीचं सामान लागतं. मालक म्हणाले, तुम्हीच जाऊन निवडा. अप्पांनी मला बरोबर घेतलं. "तुझं डोळं तरुण हायती, डायल वाचायला बरी," म्हणाले. आम्ही मुंबईला नागदेवीला, अवजारांच्या बाजारात गेलो. अप्पांनी जेवणाच्या डब्यात चपातीऐवजी आपला डायल गेज आणि घासून चकचकीत केलेली एक पोलादी पिन घेतली होती.

त्या दिवसाचे अप्पा कुणालाही बघायला मिळायला हवे होते. दुकानदारानं ड्रिल चकांची खोकी समोर मांडली. अप्पा एकेक चक कानाशी धरून उघडायचे, मिटायचे. "ऐक. ह्याच्या घशात काटा हाय." बाजूला. दुसरा पूर्ण मिटून उजेडाकडे धरला. आतल्या तीन दाढा टोकाला एका ठिकाणी भेटतात का ते बघितलं. एक दाढ किंचित मागे होती. बाजूला. मी एक मोठा, दणकट दिसणारा चक उचलला तर म्हणाले, "ठेव खाली. लहान मशीनला मोठा चक म्हंजी बारक्या पोरीच्या डोक्यावर हंडा. सगळी उंची त्योच खातोय, खाली काम ठिवायला जागाच उरत न्हाई." बिनचावीचा एक झुळझुळीत चक दुकानदारानं पुढे केला. अप्पांनी तो कौतुकानं फिरवला आणि परत दिला. सारखं ड्रिल बदलणाऱ्याला ठीक आहे, आपल्याला घट्ट धरणारा पाहिजे, म्हणाले. शेवटी एक चक त्यांनी दुकानाच्या मशीनवर लावायला लावला, त्यात पिन धरली, डायल टेकवला आणि मला म्हणाले, "वाच." काटा जेमतेम हलला, म्हणजे चक सरळ फिरत होता. मी आकडा वाचला. अप्पांनी डोळे मिटून मान हलवली. देवळात नारळ चांगला निघाल्यावर माणसं हलवतात तशी.

मग त्यांनी मला विचारलं, "आता सांग. मिलिंगचा कटर कशात धरणार?"

मी म्हटलं, "ह्याच चकात."

त्यांनी भर दुकानात कपाळावर हात मारला. दुसऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ड्रिल सरळ खाली दाबतंय. कटर आडवा ढकलतोय. आणि हा चक वर दांड्यावर नुसता ठोकून बसवलेला असतोय, त्याला धरून ठिवायला बोल्ट न्हाई, काय न्हाई. आडव्या थरथरीनं सुटतोय आणि फिरता फिरता खाली येतोय. कुनाच्या हातावर येईल, कुनाच्या तोंडावर येईल. कटरला कोलेट पाहिजे, ही चिरा पाडलेली पोलादी नळी. कोलेट चारी बाजूंनी आवळतोय, आणि त्याचा चक बोल्टनं वर मशीनमधी खेचून धरलेला असतोय. ह्ये जन्मात विसरू नगंस." शेजारी एक जण नुसता ड्रिल चक घेऊन निघाला होता. अप्पांनी त्याला थांबवून, बिनओळखीच्या माणसाला, कोलेटचा संच घ्यायला लावला.

काम पकडायचा व्हाइस निवडला, ते टेबलाला आवळायचे क्लॅम्प निवडले, क्लॅम्पचा प्रत्येक नट बोटानं फिरवून बघितला. संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं, असा गुरू मिळायला भाग्य लागतं. तेव्हा ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी ते सगळं सामान एकेक करून तेलकट कागदात गुंडाळलं, त्यावर फडकं बांधलं, आणि करड्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी कमरेच्या करगोट्याला. मशीनवर लावायला मला दिला तो ड्रिलिंग मशीनचा काढून टाकलेला जुना चक, दाढा झिजलेल्या, आणि एक तिरका व्हाइस. मी बघतच राहिले. "हळूहळू काढू," म्हणाले. "समदं एकदम काढलं की समदं एकदम जुनं हुतंय."

बारीक कटरनं हलकीसलकी खाच मारायला एक जुना, एकाच मापाचा होल्डर होता. मी त्याच्यावर दिवस ढकलायची. मालकांना माल वेळेवर गेला की बाकी कशाशी देणंघेणं नसायचं. ते आठवड्यातून एखादवेळी यायचे आणि अप्पांना नमस्कार करून जायचे.

कपाट उघडायचं दसऱ्याला. त्या दिवशी अप्पा भल्या सकाळी यायचे, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. टेबलावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरायचं आणि त्यावर ते सगळं मांडायचं. मधोमध कोलेट चक, भोवती लहानमोठ्या कोलेटांची कमळासारखी रांग, मग ड्रिल चक, व्हाइस, क्लॅम्प. झेंडू, हळद, कुंकू, आपट्याची पानं. गाळ्यात बाई मी एकटी, म्हणून कुंकू लावायचा मान माझा. पहिल्या वर्षी मी एक झेंडूचं फूल मशीनवरच्या जुन्या चकालाही वाहिलं. वर्षभर त्यानंच तर काम केलं होतं. अप्पांनी ते फूल उचलून परत ताटात ठेवलं. "त्ये कामाचं हाय. त्याला कशाला?"

आरती झाली की पेढे, आणि पेढे झाले की सगळं परत कपाटात. पूजेला बसलेलं अवजार त्या दिवशी चालवायचं नसतंच, आणि दुसऱ्या दिवशी ते टेबलावर नसायचंच. लेथवाला यादवभैया मला हळूच म्हणायचा, "दीदी, यहाँ भगवान का परसाद मिलता है, भगवान का औजार नहीं मिलता."

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला आधी विश्वासच बसेना. आमच्याकडेही नारळी पुनवेला होडीची पूजा होते. पण पूजा झाली की होडी पाण्यात ढकलतात. "पूजा केली मंग दर्यात जावाला पायजे ना गो," आई म्हणाली. "होडी किनाऱ्याला सुकत ठेवली तं फळ्या फाकतात. तुजा तो अप्पा कंचे गावचा हाय?"

आता त्या दिवसाचं सांगते.

पंपाच्या शाफ्टची निकड होती. खाच रुंद होती, माझ्या जुन्या होल्डरमध्ये बसत नव्हता एवढा जाड कटर लागणार होता. मी अप्पांकडे गेले. म्हटलं, कोलेट चक काढा, याला दुसरा इलाज नाही. ते म्हणाले, "दसरा तोंडावर आलाय. आता हात लावू नगंस. पूजेला सोच्छ पाहिजे." मी म्हटलं, मग धरू कशात? म्हणाले, "ड्रिल चकात धर की. हलका कट घे. चालतंय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "अप्पा, नागदेवीला तुम्हीच..."

"नियम म्हाईत असावा. पाळायचा तिथं पाळावा. मी हितं उभा हाय न्हवं?"

आणि ते खरंच माझ्या मागे उभे राहिले. म्हणूनच मी मशीन सुरू केलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. पण ज्या माणसानं चक कानाशी धरून निवडला तो म्हणतोय चालतंय, म्हणजे त्याला काही जास्त कळत असेल, असं मला वाटलं. पहिला हलका कट गेला. दुसऱ्याला मशीन थरथरलं, वर दांड्यावरून चक सुटला आणि फिरता फिरता खाली आला. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसाच. माझा उजवा हात व्हाइसपाशी होता. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही तळापासून गेली.

दवाखान्यात तिसऱ्या की चौथ्या दिवशी अप्पा आले. मोसंब्यांची पिशवी. बसायच्या आधी स्टुलावर चिंधी फिरवली. बराच वेळ माझ्या बँडेजकडे बघत बसले. डोळ्यांत पाणीबिणी होतं म्हणा. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले.

"बरं झालं बघ, जुनाच चक हुता. नवा असता तर वाया गेला असता."

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. चक म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण बाकीचं वाक्य तिला समजलं. ती उठली, मोसंब्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "जावा भाऊ. माजे पोरीची बोटं जुनी होती काय?"

अप्पा पिशवी घेऊन गेले. त्यांना आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी आयुष्यात बरीच दुष्ट माणसं बघितली, त्यांच्यावर राग धरता येतो आणि सोडताही येतो. हा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्यावरचा राग कुठे ठेवावा हेच मला कळत नाही.

बरी होऊन मी कामावर गेले. मालकांनी मला आणि अप्पांना एकत्र बोलावलं. माणूस वाईट नव्हता, रीतसर विचारलं. "अप्पा, कटर ड्रिल चकात लावायला तुम्ही सांगितलं होतं, का हिनं मनानं लावला?" सगळं त्या उत्तरावर होतं. मनानं लावला असेल तर मशीनवर ठेवायच्या लायकीची ही पोरगी नाही, हे मालकांनी मोकळेपणानं सांगितलंच होतं.

अप्पा म्हणाले, "मी कशाला सांगीन? मी तर येईल त्याला सांगतोय, कटर कधी ड्रिल चकात धरू नये. नागदेवीला अख्ख्या दुकानासमोर सांगितलं हुतं. विचारा हिला."

मालकांनी मला विचारलं, सांगितलं होतं का? सांगितलं होतं. अख्ख्या दुकानासमोर सांगितलं होतं. पुढचं मी बोलत होते, कपाटाचं, दसऱ्याचं, पण मालक मान हलवत होते ती पोर रडते आहे म्हणून. मशीन चालू असताना यादवभैया लेथवर होता, त्यानं पाहिलं होतं, ऐकलं काहीच नव्हतं.

मला कडेच्या टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी कापलेल्या भागांच्या धारदार कडा कानशीनं घासून साफ करायच्या. मिलिंगवर वसईचा एक मुलगा आणला. तो वाकडी खाच मारायचा, कारण व्हाइस तिरकाच होता, आणि ती वाकडी खाच घासायला माझ्याकडे यायची. अप्पा माझ्याशी फार मायेनं वागायचे. हात दुखत असेल म्हणून मऊ मुठीची कानस आणून दिली. जुनी. मी ती घेतली आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते मात्र बोलतच राहिले, हवापाण्याचं, तब्येतीचं. त्यांच्या मते आमच्यात काही झालंच नव्हतं.

मग पुढच्या वर्षीचा दसरा आला. धोतर अंथरलं, कपाट उघडलं, कोलेटांचं कमळ मांडलं. या वर्षी पहिल्यांदाच मालक पूजेला आले होते, बायकोमुलांसह. अप्पांनी कुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं. "ये पोरी. लाव."

मी हात पुढे केला. कुंकू लावायचं ते करंगळीशेजारच्या बोटानं. ते बोट माझ्या हाताला नव्हतं. माझा हात ताटावर तसाच राहिला. मालकांच्या बायकोनं तोंड फिरवलं.

अप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, "आंगठ्यानं लाव. चालतंय."

त्यांच्या तोंडचं ते 'चालतंय' मी दुसऱ्यांदा ऐकलं. मी ताट खाली ठेवलं आणि फुलांतून कोलेट चक उचलला.

"आगं, पूजेतला हाय त्यो!" अप्पा ओरडले. "आज चालवायचं नसतंय!" मी मिलिंगपाशी गेले, जुना होल्डर काढला, हा चढवला, वरून बोल्ट आवळला. कमळातलं एक कोलेट घेतलं, त्यात तो जाड कटर धरला. पूजेतला व्हाइसही आणून टेबलाला बांधला. उरलेल्या बोटांना वेळ लागत होता, पण कुणी मला अडवलं नाही आणि कुणी मदतही केली नाही, दोन्ही बरंच झालं. शाफ्टचा एक तुकडा धरला, मशीन सुरू केलं आणि खाच मारली. थरथर नाही, खडखड नाही. लोखंडाचे कीस झेंडूच्या पाकळ्यांसकट खाली पडत होते. मागे अप्पा रडत होते. माझ्यासाठी नव्हे. मी वळून बघितलं, त्यांची नजर चकावर होती.

मालक पुढे आले. खाचेतून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग कपाटाकडे बघितलं, टेबलावरच्या सामानाकडे बघितलं. "अप्पा," ते म्हणाले, "हे सगळं इथं होतं? अपघात झाला तेव्हा हे कपाटात होतं?"

अप्पा मशीनपाशी आले. त्यांनी कोलेट चक उतरवला, चिंधीनं पुसला, उजेडाकडे धरला. कडेला एक बारीक ओरखडा आला होता. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला आणि मग तो चक माझ्या हातात दिला. "उष्टा झाला आता. ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. व्हाइस पण घे."

मालकांनी त्यांना सरळ विचारलं, "ड्रिल चकात लाव असं तुम्ही सांगितलं होतं का नाही, तेवढं सांगा." अप्पांनी मालकांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, खरोखर न समजल्यासारखं.

"चक दिला की तुला. आता आणि काय पाहिजे?"

मशीन मला परत मिळालं, दुसऱ्या दिवसापासून, मालकांच्या तोंडी हुकमानं. आज त्यावर मी माझ्या हाताखालच्या माणसांना शिकवते आणि जे शिकवते ते सगळं अप्पांचं आहे, चक कानाशी धरण्यापासून. पण मला पाहिजे होतं ते एक वाक्य होतं, मालकांसमोर. "मीच सांगितलं होतं तिला." एवढंच. ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, पुढे निवृत्त होईपर्यंत म्हणाले नाहीत. आजारपणात यादवभैयाला पाठवून मला भेटायला बोलावलं तेव्हा मी त्यालाच आधी विचारून घेतलं, त्याबद्दल काही बोलणार आहेत का. तो म्हणाला, नाही दीदी, तब्येत कशी आहे तेवढंच विचारत होते. मी गेले नाही.